पंगत उठवायच्या आधी

येरवडा, पुणे
३ एप्रिल २००६

चि. पायल हिला आजीचा जयभीम. आशीर्वाद वेगळे मागू नकोस, त्यातच आले.

काल आयुषने मोबाईल माझ्या कानाला लावला. मी म्हणाले, तुझ्या भावाच्या लग्नाची तारीख ठरली, एकवीस मे, रविवार. तू म्हणालीस, "हं." मी म्हणाले, मुलगी निकिता, विश्रांतवाडीची, नर्सिंग केलेली, तोंडाची तिखट आहे. तू म्हणालीस, "हं हं." मी विचारलं, कधी येतेस? तर म्हणे, "सुट्टीचं सांगता येत नाही आजी, अपग्रेड आहे." आणि ठेवलास फोन. गोठ्यातली म्हैस याच्यापेक्षा जास्त बोलते. म्हणून हे पत्र. आता कागदावर हं हं करून दाखव.

तुम्हा दोघांचे आईबाप नाहीत, त्यामुळे वरमाय मी आणि करवली तू. माझं वय बघता दोन्ही कामं मी करू का? काळा चष्मा लावून नवऱ्यामुलामागे उभी राहते, लोकांची करमणूक होईल.

हे अपग्रेड म्हणजे काय, त्यात तुझं काय अडलंय आणि सुट्टी कोण देत नाही, तिन्ही गोष्टी मला कळतील अशा लिही. इंग्रजी अंगावर टाकू नकोस. तुझी प्रेमलाकाकू आत्तापासून विचारतेय, "पोरीने हैदराबादलाच कुणी बघितला का हो?" मी म्हटलं, बघितला असता तर तिचं हं हं त्याच्या वाट्याला गेलं असतं, माझ्या नाही.

वेणूबाई

---

हैदराबाद
८ एप्रिल २००६

प्रिय आजी,
जयभीम. ही बघ, पूर्ण वाक्यं.

आमच्या ऑफिसचं एक गिऱ्हाईक आहे, दवाखान्यांना औषधं पुरवणारी कंपनी. त्यांची महाराष्ट्रात एकोणीस गोदामं आहेत. कुठला माल आला, कुठला द्यायचा, कुठला थांबवायचा, याची नोंद इथल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर होते. त्याला डेटाबेस म्हणतात, तू मोठी वही समज. या वहीत एक ओळ लिहिली की ती तारेतून एकोणीस गोदामांना जाते आणि त्यांच्या वहीत उतरते.

आता वही जुनी झालीय. जुनी मिटायची आणि नव्या व्हर्जनची उघडायची, याला अपग्रेड म्हणतात. पण मिटण्याआधी खात्री करावी लागते की जुनीतली प्रत्येक ओळ प्रत्येक गोदामाला पोचली. कारण नव्या वहीत ओळी सगळ्या येतात, पण "ही अमक्याला सांगायची राहिलीय" ही आठवण येत नाही. राहिली ती राहिलीच.

आणि तिथेच घोडं अडलंय. आमचा तपासणीचा प्रोग्राम पहिल्या गोदामासाठी आठवड्याची वही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो. मग दुसऱ्या गोदामासाठी परत पहिल्या ओळीपासून. असं एकोणीस वेळा. तीन तास जातात. गिऱ्हाइकाने काम बंद ठेवायला रविवारचे दुपारी दोन ते पाच एवढेच तास दिलेत. तपासणी संपते तेव्हा पाच वाजलेले असतात आणि आम्ही हात हलवत घरी. दोन रविवार असेच गेले. योगेश सर, म्हणजे माझे मॅनेजर, म्हणाले, हे झाल्याशिवाय टीममधल्या कुणालाही सुट्टी नाही. माझी नोकरी अजून कच्ची, प्रोबेशनवर. भांडू कशी? सोळा तारखेला पुन्हा प्रयत्न आहे. झालं तर येते. नाही झालं तर काकूला सांग, मी पळून गेले.

तुझी
पायल

---

येरवडा, पुणे
१२ एप्रिल २००६

चि. पायल,
जयभीम. सगळं समजलं. न समजण्यासारखं त्यात काही नाही, फक्त तुमच्यातल्या कुणी कधी अन्न वाढलेलं दिसत नाही.

तुम्ही एकोणीस माणसं जेवायला बसवलीत. सगळ्यांचं झालं का बघायला तुमचा वाढपी पहिल्या पत्रावळीपाशी बसतो, आणि भाकरी वाढली होती, ती खाल्ली का, भाजी वाढली होती, ती खाल्ली का, असं ताकापर्यंत येतो. मग उठतो आणि दुसऱ्यापाशी परत भाकरीपासून. याला पगार देता? बाहेर दुसरी पंगत उभी आहे, पोटात कावळे, आणि हा शहाणा भाकऱ्या मोजतोय.

तीस वर्षं मी वस्तीतल्या पंगती उठवल्या. विहारापुढचं अंगण तळहाताएवढं, त्यामुळे तीन पंगती होतात आणि पहिली उठल्याशिवाय दुसरी बसत नाही. मी कुणाच्या पानात वाकून बघितलं नाही. आपला रंगराव सगळ्यांत हळू जेवतो. एकेक घास चावतो आणि मध्ये भाषण करतो. मी फक्त त्याच्या पत्रावळीकडे बघते. त्याचं ताक संपलं की झाडू उचलते. त्याचं झालं म्हणजे सगळ्यांचं झालंच.

तुमच्यात रंगराव कोण ते बघ आणि त्याच्यापाशी उभी राहा. बाकीच्यांना जेवू दे.

परवा चौदा एप्रिल. चारशे माणसाचा स्वयंपाक आहे आणि आयुष म्हणतो, मी नवरदेव, मला कांदे कापायला लावू नका. लावलेत.

वेणूबाई

---

हैदराबाद
१८ एप्रिल २००६

आजी, झालं! झालं! झालं!

तुझा रंगराव आमच्यात कोण, हे शोधायलाच लागलं नाही. कोल्हापूर! त्यांची लाईन इतकी रडकी की ते कायम सगळ्यांच्या मागे. मी प्रोग्राम बदलला, फक्त कोल्हापूरसाठी वही वाचायला लावली. एकोणीसऐवजी एकदाच. नऊ मिनिटं, आजी! तीन तासांचं काम नऊ मिनिटांत! दोनला सुरू केलं, सव्वादोनला कोल्हापूर पूर्ण असल्याचं दिसलं, जुनी वही मिटली, चारला नवी चालू. साडेचारला आम्ही सगळे बिर्याणी खात होतो.

योगेश सरांनी वर कळवलं की "माझ्या मार्गदर्शनाखाली" तपासणीचा वेळ एवढा कमी झाला. त्यात माझं नाव नाही. तुझं तर नाहीच. पण सुट्टी मिळाली, अठरा ते चोवीस मे! तिकीटसुद्धा काढलं. काकूला सांग, करवली येतेय.

तुझी (हुशार)
पायल

---

येरवडा, पुणे
२३ एप्रिल २००६

चि. पायल,
जयभीम. तिकीट काढलंस, बरं केलंस. तुमच्या योगेश सरांनी तेवढ्या वेळात मार्गदर्शन कुठून केलं? बिर्याणीच्या आधी की नंतर? असे लोक आमच्यातही असतात. चूल पेटेपर्यंत दिसत नाहीत आणि फोटो काढताना डाव हातात धरून पुढे.

चौदा तारखेची गंमत ऐक. रंगरावाने नवी कवळी बसवलीय. दात आल्यावर गडी सुटलाच. भाषण नाही, काही नाही, बाकीच्यांची भाजी संपायच्या आत ह्याची पत्रावळ साफ. मी सवयीने त्याचं ताक बघितलं आणि झाडू घेऊन शिरले. तर कोपऱ्यात इंदुबाई! आदल्या दिवशी दाढ काढलेली, एका बाजूने भात चिवडत बसलेली. माझा झाडू तिच्या पत्रावळीला लागला. सगळ्यांसमोर म्हणाली, "वेणूबाई, मला कचऱ्यात धरलं का हो?" तेव्हापासून अबोला आहे. कानाला आराम आहे, पण चूक माझी होती. मी पंगतीकडे बघितलंच नाही. रंगराव हळू जेवतो हे मला पाठ होतं, म्हणून पाठ होतं तेच बघितलं.

म्हणून विचारते. तू कोल्हापूरपाशी उभी राहिलीस. त्या दिवशी सगळ्यांत मागे कोल्हापूरच होतं ना? की तुलाही पाठ होतं?

एका ओळीत कळव.

वेणूबाई

---

हैदराबाद
९ मे २००६

प्रिय आजी,
जयभीम. उशीर झाला, कामात होते. तू विचारलंस ते सगळं ठीक आहे.

साडीचं सांग ना. माझ्याकडे निळी पैठणी आहे, पण निकितावहिनीच्या बहिणी निळंच नेसणार असं आयुष म्हणाला. मग मी डाळिंबी घेऊ का? इथे पोचमपल्ली छान मिळते, पण लग्नात फिकी दिसेल. ब्लाऊज तिथे शिवून होईल का दोन दिवसांत? आपल्या शिंपीणबाईंना विचारून ठेव. आणि तुला काय आणू? मोत्याची माळ आणते, इथली प्रसिद्ध आहे.

ऑफिसात बाकी नेहमीचंच. गिऱ्हाइकाकडे थोडी गडबड चालू आहे. पंधरा एप्रिलला, शनिवारी, त्यांनी सलाईनचा एक खराब माल थांबवण्याची नोंद केली होती. अठरा गोदामांनी थांबवला. श्रीगोंद्याच्या गोदामातले ज्ञानदेव म्हणून क्लार्क आहेत, त्यांनी दवाखान्यांना पाठवून दिला. काही पेशंटना थंडी वाजून ताप आला, आता बरे आहेत. ते म्हणतात, मला नोंद दिसलीच नाही. दोन मेला त्यांना सस्पेंड केलं. असो, हे काही आमच्याकडचं नाही.

ब्लाऊजचं नक्की विचार.

पायल

---

येरवडा, पुणे
१३ मे २००६

पायल,

सोळा दिवसांनी उत्तर. मी एक ओळ मागितली होती, ती "सगळं ठीक आहे". त्याखाली साडी, ब्लाऊज, मोती. तू सहावीत असताना माझी बरणी फोडलीस, त्या दिवशी न सांगता भांडी घासलीस आणि विचारलंस, "आजी, पाय चेपू?" तुझं गोड बोलणं मला तेव्हापासून ओळखू येतं.

मला तारखा वाचता येतात. पंधराला नोंद झाली. सोळाला तू जुनी वही मिटलीस. अठरा जणांना कळलं, एकाला नाही. तो म्हणतो, मला दिसलं नाही. आणि तूच एप्रिलात लिहिलं होतंस, राहिली ती राहिलीच. मग "आमच्याकडचं नाही" कसं? तू कोल्हापूरपाशी उभी होतीस आणि श्रीगोंदा अजून जेवत होता.

अर्धी चूक माझी. मी "सगळ्यांत मागे कोण ते बघ" एवढंच लिहायला हवं होतं. रंगरावाचं नाव घातलं, आणि तूही मग तसंच एक नाव धरून बसलीस. पण माझी अर्धी माझ्यापाशी राहू दे. तुझ्या अर्धीवर ती पांघरूण म्हणून घालायची नाही.

चूक झाली त्याबद्दल मी एवढं पत्र लिहिलं नसतं. झाडू माझाही लागलाय. पण इंदुबाई तिथे बसली होती, तिने मला तोंडावर सुनावलं. श्रीगोंद्याच्या माणसाला कुणाला सुनावायचं हेच माहीत नाही. तो घरच्यांना, साहेबांना, शेजाऱ्यांना एकच वाक्य सांगत असेल, मला दिसलं नाही, मला दिसलं नाही. मी दुसरीत असताना मास्तरांनी विचारलं, लिहिलं का नाहीस? म्हटलं, गुरुजी, मला सांगितलंच नाही, मी बाहेर पायरीवर बसते, तिथे ऐकू येत नाही. मास्तर म्हणाले, खोटं बोलतेस. तिथेच माझी शाळा संपली. तू कॉम्प्युटरपर्यंत गेलीस ती त्या मास्तरांच्या खुर्चीत बसायला का?

शिंपीणबाईला विचारलं नाही. विचारणार नाही. त्या माणसाचं निस्तर, मग ब्लाऊज बघू. आणि हे मनात ठेवून लग्नाला आलीस तर करवली म्हणून प्रेमलाला उभी करीन. ती नऊवारी घेऊन तयारच आहे.

वेणूबाई

---

हैदराबाद
१९ मे २००६

आजी,

हे पत्र पोचेल तेव्हा लग्न होऊन गेलेलं असेल. आयुषला काल फोनवर सांगितलं, मी येत नाहीये. तुला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही.

तू ओळखलंस तसंच आहे. तुझं एप्रिलातलं पत्र मिळालं त्या दिवशी, अठ्ठावीस तारखेला, मी जुन्या वहीत कुणाला कुठपर्यंत पोचलं त्याच्या खुणा तपासल्या. श्रीगोंद्याला चौदा एप्रिलच्या दुपारपासून एकही ओळ पोचली नव्हती. रस्ता खणताना त्यांची तार तुटली होती. वही मिटली त्या दिवशी कोल्हापूर सगळ्यांच्या पुढे होतं. म्हणजे ज्ञानदेवांना सस्पेंड करायच्या चार दिवस आधीपासून मला माहीत होतं. मी गप्प बसले, कारण सुट्टी मंजूर झाली होती. दुसरं काही कारण नाही, शोधून बघितलं.

तुझं आताचं पत्र मिळालं त्याच दिवशी, सोळा मेला, मी योगेश सरांकडे गेले. ते म्हणाले, "आपली तपासणी पास झाली होती. कागदावर आपण क्लीन आहोत. लग्नाला जा, एन्जॉय कर." मी जागेवर आले आणि गिऱ्हाइकाच्या कंपनीला सगळं लिहून पाठवलं, खुणांसकट, माझ्या नावाने. एक पत्र ज्ञानदेवांना, माफीचं. योगेश सरांनी दुसऱ्या दिवशी वर कळवलं की हा बदल पायलने "कोणाच्याही मार्गदर्शनाशिवाय" केला. या वेळी माझं नाव आलं, आजी.

ज्ञानदेवांना कामावर परत घेतलं. माझी सुट्टी रद्द, प्रोबेशन सहा महिने वाढलं, आणि एकोणीस गोदामांच्या वह्या पुन्हा जुळवायचं काम माझ्यावर. एकवीसला मी तेच करत असेन.

प्रोग्राम नीट केला. आता तो आधी एकोणीस जणांना एवढंच विचारतो, "शेवटची कुठली ओळ मिळाली?" त्यातला सगळ्यांत मागचा निवडतो आणि त्याच्यासाठी वही एकदाच वाचतो. त्याच्यापर्यंत सगळं पोचलेलं नसेल तर वही मिटूच देत नाही. वेळ तेवढाच, नऊ-साडेनऊ मिनिटं. एकोणीस जणांना विचारायला अर्धं मिनिट लागतं. मी अर्धं मिनिट वाचवलं होतं.

पायल

---

श्रीगोंदा
२७ मे २००६

कु. पायल मॅडम यांस,

आपले दिनांक १६ चे पत्र मिळाले.

आपल्याला २८ एप्रिलला समजले असे आपण स्वतःच लिहिले आहे. पत्र १६ मेचे. मधले अठरा दिवस आपण काय करत होता हे मी विचारत नाही. मी काय करत होतो ते सांगतो. ज्या बाईला सलाईनने थंडी भरली ती माझ्याच गल्लीतली आहे. तिचे दार ओलांडून मला दूध आणायला जावे लागते. तिचा मुलगा दारात उभा राहायचा आणि काही बोलायचा नाही. बोलला असता तर बरे झाले असते. माझी पत्नी मला रोज विचारायची, "नीट आठवा, खरंच दिसलं नव्हतं?" शेवटी शेवटी मीच म्हणू लागलो की दिसले असेल, माझ्या लक्षात नसेल.

मला कामावर घेतले आहे. साहेब म्हणाले, गैरसमज झाला होता. गल्लीत येऊन कुणी तसे सांगितलेले नाही.

माफी फक्त आपण मागितली, म्हणून उत्तर दिले. यापुढे पत्र नको.

आपला,
ज्ञानदेव

---

हैदराबाद
३० मे २००६

आजी,
त्यांचं पत्र सोबत पाठवतेय. चार वेळा उत्तर लिहायला बसले. काय लिहू? लग्न कसं झालं तेही कळव. आयुष फोनवर नुसतं हं हं करतो.

पायल

---

येरवडा, पुणे
३ जून २००६

चि. पायल,
जयभीम.

लग्न झालं. आयुषने शपथ म्हणताना एक ओळ गाळली, निकिताने भर मांडवात त्याला परत म्हणायला लावली. प्रेमलाने व्याह्यांकडच्या बायकांत विषय काढलाच, "करवली का नाही आली हो? तिकडचं काही प्रकरण?" मी माईक बंद आहे का ते बघितलं नाही आणि सांगितलं, तिच्या हातून चूक झाली, तिने ती लपवली, मग कबूल केली, आता निस्तरतेय, म्हणून आली नाही. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "अहो, शुभकार्यात असं उघड बोलू नये." मी म्हटलं, मग कुठल्या कार्यात बोलायचं ते सांगा, त्या दिवशी येते. तुझी वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. पोरगी कामाची आहे. मला जड जाणार.

आता त्या माणसाचं पत्र. मी निकिताकडून एकदा वाचून घेतलं आणि एकदा स्वतः वाचलं. बरोबर बोललाय. त्यात एक शब्द जास्त नाही.

उत्तर लिहू नकोस. त्याने नको म्हटलंय. आता जे लिहिशील ते त्याच्यासाठी नसेल. त्याने एकदा "जाऊ द्या मॅडम" म्हणावं आणि तुला बरं वाटावं, यासाठी असेल. तुला बरं वाटवून द्यायचं काम त्याच्याकडे नाही. अठरा दिवस त्याने तुझ्या वाटणीचं बरंच सोसलंय.

पण त्याच्या पत्रात एक ओळ आहे. गल्लीत येऊन कुणी सांगितलेलं नाही. ते राहिलंय. एवढी सुट्टी तर मिळेल, रविवारची. श्रीगोंद्याला जा. त्याच्या घरी जायचं नाही, तो दिसला तरी नाही. त्या बाईच्या दारात जा, तिच्या मुलाला सांग की चूक कुणाची होती. तो ओरडेल. ऐकून घे. गल्लीतले जमतील, त्यांनाही सांग. मग एसटी पकडून परत जा.

डाळिंबी साडी नेसू नकोस. साधी नेस.

वेणूबाई